रिकामी, हाताशी, मिळण्याजोगी

घरतबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी भिंती वाचत. कॅलेंडर, आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना, औषधांच्या जाहिराती, कुणी तरी खिळ्याला अडकवून ठेवलेली लग्नपत्रिका. सगळे वाचून झाल्याशिवाय त्या खुर्चीवर बसत नसत. आमच्या दैनिकाच्या पनवेल कार्यालयाच्या लिफ्टमध्ये 'वजनमर्यादा : आठ व्यक्ती' अशी पाटी होती. रुजू झाल्या त्या दिवशी त्या लिफ्टमधून उतरून थेट व्यवस्थापकांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वजन व्यक्तींत मोजतात का? माझ्यासारख्या आठ की तुमच्यासारख्या आठ?" व्यवस्थापक अंगाने चांगले भरलेले होते. पाटी बदलली नाही. बाईंनी मात्र त्यानंतर लिफ्ट सोडली आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत जिना चढल्या.

यमुना घरत आमच्याकडे मुद्रितशोधक होत्या. छापायला जाणारे प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जाई. ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. माहेर न्हावा शेव्याच्या अंगाच्या एका गावात. वडिलांचे मिठागर होते; ते बंदरात गेले आणि त्या जागी आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात. कार्यालयात त्यांचे मराठी इतके स्वच्छ असे की नवे उपसंपादक त्यांच्यासमोर बोलायला बिचकत. पण राग आला किंवा एखादी गोष्ट मनापासून पटली की गावचे बोलणे वर येई. मग 'आम्ही'चे 'आमी' होई आणि 'नाही'चे 'नाय'. अशा वेळी कुणी गमतीने "बाई, प्रमाणभाषा" म्हटले, तर त्या मान वर न करता म्हणत, "प्रमाण तुमचं. भाषा आमची."

त्यांची दोन वाक्ये कार्यालयात सगळ्यांना पाठ होती. पहिले आकडेवारीच्या बातम्यांबद्दलचे. बातमीतला आकडा कुणी तपासून दाखवला की त्या म्हणत, "आकडा खोटा नसतो हो. मथळा खोटा असतो." दुसरे वाक्य त्या स्वतःच्या कामाबद्दल बोलताना वापरत. एकदा एका राजकीय बातमीतला गर्भितार्थ त्यांच्या लक्षात आला नाही म्हणून संपादक चिडले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "ओळींच्या मधलं तुम्ही वाचायचं. मी ओळी वाचते." हे त्यांनी उर्मटपणे म्हटले नव्हते. छापलेले असेल तेच त्यांच्या लेखी खरे असे आणि माणसांच्या बोलण्यालाही त्या हाच नियम लावत. फोन केला की पहिला प्रश्न, "मोकळे आहात का?" समोरचा नाही म्हणाला की "बरं" म्हणून फोन ठेवत. पुन्हा त्या विषयासाठी फोन येत नसे.

मुद्रितशोधकांची पदे रद्द झाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडा अवकाश होता. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली आली होती, ती पगार मागत नव्हती. 'सेवामुक्त करण्यात येत आहे' असे पत्र त्यांना मिळाले. ते त्यांनी उभ्यानेच वाचले, एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिले. "मुक्त साधू होतात," त्या म्हणाल्या. "माणसाला काढतात. काढलं असं लिहा, मी सही करते."

सुकापूरला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पती बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. कार्यालयाने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना देऊन टाकले त्यांतला एक त्यांनी घेतला. आमच्या तंत्रज्ञाने त्यावर फुकट मिळणारी, स्वयंसेवकांनी घडवलेली कार्यप्रणाली बसवून दिली आणि ती मराठीत करून दिली. बाईंनी तो संगणक भिंतीसारखाच वाचायला घेतला. प्रत्येक खिडकी उघडायची, प्रत्येक शब्द वाचायचा. आठवडाभराने मला फोन आला. मोकळा आहे का ते विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "या यंत्रात मोफत स्मृती फार थोडी उरलीय. बाकीची विकत घेतलेली दिसते."

घडले होते ते असे. संगणकात किती मेमरी कशात गुंतली आहे हे दाखवणारी एक खिडकी असते. तिच्यातल्या 'फ्री' या शब्दाचे कुणी तरी 'मोफत' असे भाषांतर केले होते. त्याच्या खालच्या ओळीत 'कॅश' होते. ते इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने लिहितात आणि त्याचा अर्थ पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला साठा असा आहे. तिथे 'रोख' लिहिले होते. "मोफतही आहे आणि रोखही आहे," बाई म्हणाल्या. "दुकान उघडलंय."

भाषांतर करणाऱ्या गटाचा समन्वयक अद्वैत नावाचा पुण्यातला एक संगणक अभियंता होता. नोकरी सांभाळून तो हे काम करी. बाईंनी त्याला लिहिले. त्याने चूक मान्य केली आणि ती पूर्ण खिडकीच त्यांच्या हवाली केली. दहा-बारा शब्द होते. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असा त्याचा अंदाज होता. बाईंनी त्याला उलट विचारले की शब्द सुचवण्याआधी ही वस्तू काय आहे ते मला कळले पाहिजे, समजावून सांगायला मोकळा आहेस का. पुढच्या काही महिन्यांत त्या दोघांचे किती बोलणे झाले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. अद्वैत मला नंतर म्हणाला की विद्यापीठात त्याला कुणी इतके खोदून विचारले नव्हते.

त्यांची अडचण साधी होती. त्यांनी एक मोठी फाइल उघडली, तेव्हा 'मोफत'चा आकडा खाली गेला. ते ठीक होते. पण फाइल बंद केल्यावर आकडा वर आला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिले, दुसरी फाइल घेऊन पाहिले. जागा गेली ती परत येत नव्हती. त्यांनी अद्वैतला सांगितले की यंत्रात चोरी होते आहे.

त्याने समजावले की चोरी नाही. तुम्ही वाचून ठेवलेली फाइल संगणक लगेच टाकून देत नाही. तुम्ही पुन्हा मागाल, म्हणून तो ती ठेवून देतो, कारण डिस्कवरून परत आणायला वेळ लागतो आणि नुसती पडून राहिलेली मेमरी कुणाच्याच उपयोगाची नसते. दुसऱ्या कुणाला जागा लागली, की तो तीच फाइल बाजूला सारतो आणि जागा करून देतो. म्हणून चांगला चाललेला संगणक नेहमी भरलेलाच दिसतो. लोक तो आकडा पाहून घाबरतात आणि यंत्र जुने झाले असे समजतात.

"मागितल्यावर देतो?" बाईंनी विचारले.

"लगेच देतो."

"आणि न मागता?"

"न मागता कशाला देईल? त्याला कसं कळणार कुणाला हवंय ते?"

हे बोलणे मला बाईंनीच सांगितले. त्या खूश होत्या आणि म्हणून त्यांची भाषा गावाला गेली होती. "आमच्या मिठागरात पन असंच," त्या म्हणाल्या. "कप्पा रिकामा कोन ठेवीत नाय. रिकामा ठेवला का उन्हानी तडकतो. पानी भरूनच ठेवायचं. लागला कप्पा, का दार काढायचं न् सोडून द्यायचं." मग थांबून त्यांनी प्रमाणभाषेत सांगितले की 'रोख'च्या जागी 'हाताशी' लिहिते आहे. हाताशी ठेवलेली मेमरी. जो शब्द शोधायला त्यांना पाऊण महिना लागला होता, तो त्यांच्या स्वयंपाकघरात रोज वापरला जात होता.

'फ्री'साठी त्यांनी 'रिकामी' लिहिले आणि इथे वाद झाला. गटाच्या कोशात 'फ्री' म्हणजे 'मुक्त' असे ठरलेले होते, आणि एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द असा नियम होता. बाईंचे म्हणणे, हा नियम इंग्रजीने तरी पाळला आहे का? मुक्त मेमरी म्हणजे तुरुंगातून सुटलेली वाटते. तडजोड म्हणून अद्वैतने 'मोकळी' सुचवले. बाईंनी तेही परत पाठवले. त्यांनी दिलेले कारण गटाच्या पत्रव्यवहारात अजून आहे. 'माणूस मोकळा असतो, खुर्ची रिकामी असते. मोकळं व्हायला आधी कशात तरी अडकलेलं असावं लागतं. या जागेत अजून कुणी बसलेलंच नाही.' गटातल्या एकाने हसण्याचे चित्र पाठवले. बाईंनी त्याला विचारले की हे कोणत्या लिपीतले अक्षर आहे.

त्या नेहमी बरोबर असत असे नाही. तिसरा शब्द 'अव्हेलेबल' होता. तिथे त्यांनी गणित केले. रिकामी अधिक हाताशी म्हणजे मिळू शकेल तेवढी एकूण, हे उघड होते. खिडकीतला आकडा त्यापेक्षा कमी होता. त्यांनी गटाला कडक शब्दांत कळवले की यंत्राची बेरीज चुकली आहे आणि अशी बेरीज आमच्या पानावर असती तर मी पान सोडले नसते. बेरीज चुकलेली नव्हती. हाताशी ठेवलेल्या मेमरीतला काही भाग एकाच वेळी अनेकांच्या वापरात असतो, काही अजून डिस्कवर लिहायचा राहिलेला असतो. तो सोडून देता येत नाही. म्हणून मिळू शकणारी मेमरी किती, हे यंत्र मोजत नाही. अंदाज बांधते.

याचा बाईंना धक्का बसला. "अंदाज?" त्यांनी मला फोनवर विचारले, जणू तो मीच बांधला होता. "मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत अंदाज बसवलाय आणि कुणाला सांगितलं नाही? आपण 'सूत्रांनुसार' तरी लिहितो." त्यांनी शब्द ठरवला 'मिळण्याजोगी', आणि त्याच्यापुढे कंसात 'अंदाजे' असे लिहून पाठवले. त्या एका कंसासाठी त्या पुढे सगळ्यांशी भांडल्या.

त्या काळातली एक दुपार आठवते. मी सुकापूरला त्यांच्याकडे गेलो होतो. शेजारच्या फ्लॅटमधली नाझनीन तिथे बसली होती. तिचा नवरा मस्कतला असे आणि दिवसाचा बराच वेळ ती बाईंकडे काढी. बाई तिला प्रत्येक प्रोग्रॅम किती मेमरी खातो त्याची यादी दाखवत होत्या. सगळ्यांची बेरीज केली तर ती संगणकातल्या एकूण मेमरीपेक्षा जास्त भरत होती. नाझनीन म्हणाली, "आंटी, हे कसं? घरात आहे त्यापेक्षा जास्त खाल्लं?" बाई म्हणाल्या, "अगं, एकच म्हातारा चार पोरांच्या रेशनकार्डावर. चौघे त्याला आपल्या घरात मोजतात. म्हातारा एकच." नाझनीन म्हणाली की आमच्या आजेसासऱ्यांचं तसंच होतं, पण जेवायला ते कुणाकडेच नसायचे. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्याच दुपारी त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि पोटावर हात धरून बसून राहिल्या. विचारल्यावर, पित्त, असे उत्तर मिळाले.

पित्त नव्हते. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि कळला तेव्हा डॉक्टरांनी उपचारांची फारशी भाषा केली नाही. बाईंनी अहवाल पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. त्यातल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांनी डॉक्टरांना विचारला, तो कळला आणि त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. नातेवाइकांना कळवायचे का, असे डॉक्टरांनी विचारले. कळवीन, असे त्या म्हणाल्या.

नातेवाईक एकच होता. भाऊ वारलेला, त्याचा मुलगा सुनील गावच्या घरात राहत होता. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात तो पाळीचा सुपरवायझर होता. आठवड्यातून एकदा, रविवारी, तो आत्याला फोन करी. त्याला त्यांनी पोट बिघडल्याचे सांगितले होते, त्यापुढे काही नाही. त्याचा नंबर त्यांनी आम्हा कुणाला दिला नव्हता.

बाईंना आता एकच गोष्ट हवी होती. एकदा माहेरी जाऊन यायचे. घराच्या मागच्या पडवीत चार दिवस पडून राहायचे, पूर्वी जिथे मिठागर होते त्या बाजूचा वारा घ्यायचा आणि परत यायचे. हे त्यांनी मला आणि नाझनीनला वेगवेगळे सांगितले. मी लगेच म्हटले की उद्या गाडी आणतो, सुकापूरहून गाव किती दूर आहे? त्यांनी मान हलवली.

"असं जात नाहीत."

"कसं जातात?"

"मुराळी येतो."

सासरी असलेल्या बाईला माहेरी न्यायला माहेरचा जो माणूस येतो तो मुराळी. त्यांचा भाऊ होता तोवर दर चैत्रात, जत्रेच्या आधी, तो येऊन त्यांना घेऊन जाई. भाऊ गेल्यावर पहिली काही वर्षे सुनील आला. मग बंदर वाढले, पाळ्या बदलल्या आणि ते राहून गेले. मी म्हटले की सुनीलला सांगा, तो येईल. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या जसे मी पानावर 'आशिर्वाद' लिहिले असावे. "मुराळी मागवतात का? तो येतो. घर आहे असं वाटलं म्हणजे येतो. आणि परक्याच्या गाडीतून मी दारात उतरले, तर गाव त्या पोराला काय म्हणेल? आत्याला आणायला पन कोन गेला नाय." शेवटचे वाक्य त्या हळू बोलल्या.

त्यामुळे त्या वाट पाहत राहिल्या आणि रविवारच्या फोनवर एक प्रश्न विचारत राहिल्या. एका रविवारी मी तिथे होतो. सुनीलचा आवाज मोठा होता, मागे क्रेनचा भोंगा वाजत होता. त्याने तब्येत विचारली, त्यांनी बरी आहे म्हटले. मग त्यांनी विचारले, "मोकळा हायस का रं या हप्त्यात?"

"नाय गो आत्या. धक्क्याला शिप लागलीय. डबल चाललंय."

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवतोस ना वेळेवर?" आणि फोन ठेवला.

आणखी काही विचारायचे होते का, असे मी म्हटले. "विचारलं ना," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाला." मग समोरच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना त्यांनी वाचायला घेतली. ती त्यांनी आधीही अनेकदा वाचलेली होती. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. प्रश्न तोच होता, उत्तर तेच होते. नाझनीन एकदा चिडून म्हणाली की आंटी, त्याला सरळ सांगा, नाहीतर नंबर द्या, मी सांगते. बाईंनी फोन उशीखाली ठेवला. त्यांना तो प्रश्न पुरेसा वाटत होता आणि उत्तर स्पष्ट वाटत होते.

दिवाळीनंतर त्यांना पनवेलच्या एका रुग्णालयात ठेवावे लागले. खोलीत शिरल्यावर स्ट्रेचरवरूनच त्यांनी भिंत वाचली. 'भेटीची वेळ पाळा, रुग्णाला आराम द्या.' त्या म्हणाल्या, "पहिलं होईल. दुसरं यांच्या हातात नाही." दोन दिवसांनी अद्वैतचा निरोप आला. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती निघत होती आणि खिडकी मंजूर झाली होती. 'रिकामी' राहिले, 'हाताशी' राहिले, 'मिळण्याजोगी' राहिले. कोशाचा नियम बाजूला ठेवून गटाने मत घेतले होते आणि हसण्याचे चित्र पाठवणाऱ्यानेही त्यांच्या बाजूने मत दिले होते. 'अंदाजे' मात्र काढावे लागले. रकान्याची रुंदी पुरत नव्हती, कंस ओळीबाहेर जात होता. अद्वैतने याबद्दल फार वाईट वाटते असे लिहिले होते.

मी निरोप वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटले झोप लागली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग लोक तो आकडा खरा समजतील."

"रुंदी नव्हती म्हणतो तो."

"आमी पन जागा नाय म्हनून शब्द काढायचो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला लागायचा."

त्यानंतर त्यांचे बोलणे फारसे झाले नाही. शेवटच्या रविवारी सुनीलचा फोन वाजला तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. फोन नाझनीनने उचलला. काय सांगितले ते तिने मला नंतर सांगितले, ती दोनच वाक्ये होती. सुनील यार्डातून निघाला. बंदरापासून पनवेलपर्यंतचा रस्ता त्या दिवशी नेहमीसारखाच भरलेला होता. तो रुग्णालयात पोचला तेव्हा सकाळचे डॉक्टर येऊन गेले होते आणि बाईंच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती.

तीस-बत्तीस वर्षांचा, उन्हाने रापलेला माणूस. अंगात यार्डातले पिवळे जाकीट, हातात प्लास्टिकची पिशवी. गेलेल्या बाईला माहेरची साडी नेसवतात. रुग्णालयात येण्याआधी त्याने बाजारात थांबून ती घेतली नव्हती. येऊन, पाहून, मग पुन्हा खाली जाऊन तो घेऊन आला होता. हिरवी होती. नाझनीनने आणि नर्सने ती नेसवली. किमतीची चिठ्ठी पदराला तशीच राहिली होती, ती नाझनीनने दाताने तोडली. कागदपत्रांवर नाते या रकान्यात त्याने 'भाचा' लिहिले. कुठे नेणार, असे रुग्णालयातल्या कारकुनाने विचारले, तेव्हा त्याने गावाचे नाव सांगितले.

शववाहिकेत मागे आम्ही दोघे होतो. नाझनीन रुग्णालयाच्या दारातच थांबली. बाईंच्या फ्लॅटची किल्ली तिच्याकडे होती आणि तुळशीला पाणी घालायचे राहिले होते. पळस्पे फाटा ओलांडल्यावर ट्रेलरची रांग सुरू झाली आणि बंदराच्या रस्त्याला लागताच गाडी थांबली. पुढे मागे कंटेनरच दिसत होते. मेलेल्या माणसाच्या गाडीला भोंगा नसतो. चालकाने इंजिन बंद केले.

सुनीलने विचारले की आत्या शेवटी काही बोलली का. मी त्याला सांगितले की त्यांना माहेरी यायचे होते. उन्हाळ्यापासून यायचे होते.

त्याने साडीचा काठ सरळ केला. "मना कदी बोल्ली नाय," तो म्हणाला.

"दर रविवारी विचारत होत्या ना?"

"इचारायची, मोकळा हायस का." त्याने जाकिटाच्या बाहीने तोंड पुसले. "मी नाय बोलायचो. तिच्याशी खोटं कशाला बोलू? मोकळा नव्हतोच. एक दिवस पन मोकळा नव्हतो." बाहेर कुणी तरी हॉर्न धरून ठेवला होता, तो थांबेपर्यंत तो थांबला. "पन 'ये' बोल्ली असती, तं आलो असतो. शिप टाकून आलो असतो. नुसतं 'ये' बोलायचं व्हतं."

चालकाने मागे वळून सांगितले की पुढे तासभर तरी हलणार नाही, रस्त्यात मुंगीला जागा नाही.

सुनीलने दार उघडले आणि तो खाली उतरला. पुढच्या ट्रेलरपाशी जाऊन त्याने दरवाज्यावर थाप मारली आणि वर पाहून काही तरी सांगितले. चालकाने मान बाहेर काढून आमच्या गाडीकडे पाहिले, इंजिन सुरू केले आणि चाके मातीवर उतरवून ट्रेलर एका अंगाला घेतला. सुनील त्याच्या पुढच्याकडे गेला. तिथेही थाप मारली. तोही सरकला. एकेक करत तो पुढे जात होता, प्रत्येकाला तोंडाने सांगत होता आणि जो तो हात-दीड हात बाजूला होत होता. आमच्या चालकाने गाडी सुरू केली. सुनील परत येऊन बसला नाही. तो रस्त्याच्या मधून पुढे चालत राहिला आणि त्याच्या मागून आम्ही घरतबाईंना घेऊन हळूहळू गावाकडे निघालो.